रानुआचं प्राणी उद्यान, भर जानेवारीत: गुरांच्या एका निवृत्त डॉक्टरचा अभिप्राय

अस्वल बघायचं म्हणून जानेवारीत फिनलंडमधल्या रानुआला जाणार असाल तर जाऊ नका. तपकिरी अस्वलं त्या दिवसांत झोपलेली असतात आणि तुम्ही तिकीट काढलंय म्हणून त्यांना कुणी उठवत नाही. हे घरच्या मंडळींना निघण्याआधीच सांगून ठेवा, पोराटोरांना तर नक्कीच. आमच्या नातीला मी गाडीतच बजावलं होतं, तरी कुंपणाशी उभं राहून तिने "ऊठ ना रे, ऊठ ना" करून हाका मारल्याच.

एवढं मान्य असेल तर मात्र जाच. माझ्या मते हे उद्यान हिवाळ्यातच बघण्यासारखं आहे.

मी बोलतोय ते गुरांचा डॉक्टर म्हणून. सगळी नोकरी जत, आटपाडी, सांगोला असल्या कोरड्या तालुक्यांत गेली. खिलार बैल, माडग्याळी मेंढ्या, संकरित गायी हे माझं जग. मुलगी-जावई फिनलंडला ओउलूत राहतात, त्यांच्याकडे थंडीत जाऊन राहिलो होतो. तिथून रानुआ गाडीने दोन-अडीच तास. लॅपलँडला जाणारे आपले मराठी ग्रुप हल्ली रोव्हानिएमीला सांताक्लॉजच्या गावात उतरतात, त्यांना तर हे ऐंशी किलोमीटरवर आहे. उद्यान १९८३ साली सुरू झालं. साधारण पन्नास जातींचे दोनशे प्राणी, बहुतेक सगळे उत्तरेकडचे. सिंह, हत्ती, जिराफ शोधू नका. चीड आणि स्प्रूसच्या जंगलातून अडीच-तीन किलोमीटरची लाकडी फळ्यांची वाट आहे, तिच्या दोन्ही अंगांना प्राण्यांची आवारं. आवार म्हणजे जंगलाचाच तुकडा, भोवती कुंपण घातलेला. त्यामुळे प्राणी शोधावा लागतो. तो झाडामागे बसला असेल तर तुम्ही थांबायचं.

तिकिटाचा दर मला माहीत नाही. बापाला इथले आकडे सांगायचे नाहीत असा मुलीचा नियम आहे, नाहीतर मी लगेच गुणाकार करत बसतो.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे जनावराची खरी परीक्षा उन्हाळ्यात. एप्रिल-मे आला की बरगड्या मोजता येतात, दूध आटतं, गाय माजावर येत नाही. २०१३ च्या दुष्काळात चारा छावणीवर काम करताना जनावर कसं दिवस काढतं ते जवळून बघितलंय. तिकडे हीच परीक्षा हिवाळा घेतो, फक्त लांबलचक: ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ. मी प्रत्येक कुंपणाशी एकच गोष्ट बघत होतो, हा गडी छावणी कशी काढतोय? प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली.

अस्वलाची तऱ्हा म्हणजे छावणीच नको. दिसलं नाही तरी त्याच्याच आवाराशी मी सगळ्यात जास्त वेळ उभा होतो. आमची ही म्हणाली, "रिकाम्या बर्फाकडे बघत काय बसलाय?" पण जे आत चाललेलं असतं ते माझ्यासारख्याला झोप उडवणारं आहे. पाच-सहा महिने अन्न नाही, पाणी नाही, लघवी नाही, शेण नाही. शरीराचं तापमान ३७ वरून ३३ च्या आसपास उतरतं, हृदयाचे ठोके मिनिटाला आठ-दहापर्यंत खाली येतात. गाय चार दिवस आडवी पडली तर आमच्या तोंडचं पाणी पळतं: एका कुशीवर राहू देऊ नका, दर दोन-तीन तासांनी पालटा, खाली वैरण पसरा, नाहीतर पायातली ताकद गेलीच. हे अस्वल अर्धं वर्ष वेटोळं करून पडतं आणि वसंतात उठून चालायला लागतं. लघवीतून जायचं ते युरिया शरीर पुन्हा वापरात घेतं, त्यातलं नत्र प्रथिनांकडे वळवतं, म्हणून मांस फारसं झडत नाही. झडते ती चरबी. वजन पाव-तिसरा हिस्सा कमी होतं.

आणि रक्ताच्या गुठळ्या? आमच्या हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कितीतरी दिवस रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, कारण हालचाल नसली की पायात गुठळी होते. अस्वलाला होत नाही. २०२३ साली स्कँडिनेव्हियातल्या रानटी अस्वलांचं रक्त तपासून संशोधकांनी दाखवलं की झोपेच्या काळात त्यांच्या रक्तातल्या बिंबिकांवरचं (प्लेटलेट्सवरचं) एचएसपी-४७ नावाचं प्रथिन जवळजवळ नाहीसं होतं आणि त्यामुळे गुठळी धरत नाही. मणक्याला मार बसून वर्षानुवर्षं पडून असलेल्या माणसांतही हेच प्रथिन उतरलेलं सापडलं. हे मी हिला तिथेच, उणे अठरात, उभ्याउभ्या सांगितलं. "घरी सांगितलं असतं तरी चाललं असतं," एवढंच म्हणाली.

मादीचं तर आणखी पुढचं. जन्मभर रेतनाच्या नळकांड्या आणि गाभण तपासण्या यांत हात भरवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो: अस्वलांचा संग होतो मे-जूनमध्ये, पण गर्भ चिकटतो नोव्हेंबरच्या सुमारास. मधले महिने तो गर्भाशयात नुसता तरंगत थांबतो. उन्हाळ्यात मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली तर गर्भधारणा पुढे सरकते, नाहीतर विषय तिथेच संपतो. गुहेतच जानेवारीत पिल्लं होतात, एकेक जेमतेम अर्ध्या किलोचं. दीडशे किलोच्या आईचं पिल्लू अर्धा किलो! गाईचं वासरू पंचवीस-तीस किलोचं असतं, आणि तरी मी मध्यरात्री खेचायला जात होतो.

रेनडियर मात्र जागं असतं आणि त्याच्यापाशी मला घरच्यासारखं वाटलं, कारण शेवटी रवंथ करणारं जनावर. बर्फात पुढच्या पायाने खड्डा पाडून खालचं दगडफूल काढून खायचं, हा याचा हिवाळ्यातला मुख्य धंदा. उद्यानात वैरण मिळते, पण उकरण्याची खोड जात नाही. मी खाली बसून खुरं बघितली (जावई म्हणाला, "अण्णा, उठा, लोक बघतायत"). उन्हाळ्यात चिखलात चालायला तळवा मऊ आणि पसरट असतो. थंडीत तो आक्रसून टणक होतो, खुराची कडा बाहेर येते आणि बर्फाला पकड मिळते. खुरांमध्ये केस वाढलेले. पाऊल टाकलं की टक् टक् असा आवाज येतो. तो खुराचा नाही, पायातली दोरीसारखी शीर (कंडरा) हाडावरून सरकल्याचा आहे. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं सांधा गेलाय. निम्मा कळप टकटकत होता तेव्हा जीव भांड्यात पडला.

शिंगांचंही आपल्यापेक्षा उलटं. थंडीच्या तोंडाला नरांची शिंगं गळतात, माद्यांची वसंतात विण्यापर्यंत टिकतात. म्हणजे ऐन टंचाईत उकरलेल्या खड्ड्यावर हक्क गाभण मादीचा. बोडका नर मागे हटतो. डोळेसुद्धा बदलतात, हे मी आधी वाचलं होतं म्हणून मुद्दाम टॉर्च घेऊन गेलो होतो, पण मुलीने तो खिशातून बाहेर काढू दिला नाही. बुबुळामागचा जो चमकणारा पडदा असतो तो उन्हाळ्यात सोनेरी, हिवाळ्यात निळा. अंधारात जास्त उजेड टिपायची सोय. आणि २०२३ च्या डिसेंबरात नॉर्वे-स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी असं दाखवलं की रवंथ करताना रेनडियरच्या मेंदूच्या लहरी गाढ झोपेसारख्या होतात, जितकी रवंथ जास्त तितकी झोपेची गरज कमी. आमच्या सांगोल्यातला कुठलाही म्हातारा शेतकरी हे ऐकून म्हणेल, त्यात नवीन काय, म्हैस रवंथ करताना झोपतेच की. पण इथे मेंदूला तारा लावून बघितलंय.

मूसपाशी गर्दी कमी होती, का ते कळलं नाही. सांबराच्या कुळातलं जगातलं सर्वांत मोठं जनावर, पाय इतके उंच की त्याच्या पोटाखालून आमची नात वाकून गेली असती. मी गेलो तेव्हा माणूस विलोच्या फांद्या टाकून गेला होता. खाण्याची पद्धत बघून घ्या: गाईसारखेच वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, त्यामुळे फांदी चावून तोडता येत नाही, ओठात धरून ओरबाडायची, साल सोलून काढायची. खालच्या दातांचा सालीवरचा खरवडल्याचा आवाज पाच-सात पावलांवरून ऐकू येतो. कुंपणालगत लेंड्या पडल्या होत्या. बुटाने एक फोडून बघितली. कोरडी ठाक, आत निव्वळ लाकडाचा भुसा. उन्हाळ्यात हिरवा पाला खातो तेव्हा हाच शेण टाकतो. रंग, ओल, आकार सगळं जसं हवं तसं. जनावर बरं आहे हे मला तिथेच कळलं, माहितीच्या पाट्या मी नंतर वाचल्या.

मूसची एक गंमत आपल्याकडच्या माणसाला पटत नाही. हिवाळी कातडं चढलं की उणे पाचच्या वर त्याला उकडायला लागतं, श्वास वाढतो, सावली शोधतो. आम्ही तीन-तीन थर घालून कुडकुडत होतो आणि तो सावकाश चघळत उभा, पाठीवरचा बर्फ वितळलेला नाही. पाठीवर बर्फ तसाच राहणं हे चांगलं लक्षण: आतली ऊब बाहेर निसटत नाही.

बाकीचे भराभर सांगतो. ध्रुवीय कोल्हा पांढरा शुभ्र, तळपायालासुद्धा केस, नाक शेपटीत खुपसून गोळा झालेला. उणे चाळीसच्या आसपासही त्याला हुडहुडी भरत नाही म्हणतात. फिनलंडच्या रानात तो जवळजवळ संपलाच होता, १९९६ नंतर तिथे पिल्लं झाल्याची पक्की नोंद थेट २०२२ साली मिळाली, म्हणून कुंपणातला का होईना, थांबून बघा. लिंक्स (मोठं रानमांजर) दिसला नाही. पावलांचे ठसे दिसले, रुंद, बोटाबोटांत केस असलेले. वुल्व्हरिन (पाणमांजराच्या कुळातलं दणकट शिकारी जनावर) दिसलं आणि ते एका जागी बसेना. गोठलेलं मांस हाडासकट फोडणारा जबडा आहे त्याचा. रानात हे मांस बर्फात पुरून ठेवतं आणि महिन्यांनी काढून खातं. रानडुकरांपाशी मात्र मी थांबलो नाही. आयुष्यभर त्यांच्यामुळे उद्ध्वस्त झालेले मक्याचे फड बघितलेत, पैसे देऊन कशाला बघायचं?

मोठं करडं घुबड चुकवू नका. बघताना चार किलोचं वाटतं, असतं किलोभराचं, बाकी सगळी पिसं. दोन्ही कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणून हातभर बर्फाखाली उंदीर कुठे सरकतोय ते त्याला बरोबर कळतं आणि ते पाय पुढे करून थेट बर्फात घुसतं. रानकोंबड्यांत कॅपरकेली म्हणून एक मोठा काळा पक्षी आहे, तो थंडीभर जवळजवळ फक्त चिडाच्या सुयांवर जगतो. सुया! त्यात काय कस असणार? पण आतड्याला जोडलेल्या दोन लांब पिशव्या आणि पोटात गिळलेले खडे यांच्या जोरावर पचवतो. रात्री तो बर्फात बीळ करून शिरतो. वर उणे तीस असलं तरी आत शून्याच्या आसपास.

राहिलं पांढरं अस्वल. फिनलंडमध्ये ते फक्त रानुआतच आहे आणि बहुतेक लोक त्याच्यासाठीच येतात. २०११ आणि २०१६ साली इथे पिल्लंही झाली. हे हिवाळ्यात झोपत नाही. गुहेत शिरते ती फक्त गाभण मादी. त्यामुळे तपकिरी अस्वल गाढ झोपलेलं असताना हे बर्फात पाठ घासत लोळतं. केसांना रंग नसतो, ते पोकळ असतात, खालचं कातडं काळं. आम्ही बघितलं तेव्हा ते बर्फाच्या ढिगाऱ्यावर नाक वर करून बराच वेळ वास घेत बसलं होतं. बहुधा आमच्या पिशवीतल्या धपाट्यांचा, कारण शेंगदाण्याची चटणी होती.

प्राणिसंग्रहालयांतली अस्वलं एकाच रेषेत येरझाऱ्या घालतात, डोकं एकाच जागी वळवतात, हा दोष मी मुद्दाम शोधत होतो. उभा होतो तेवढ्या वेळात दिसला नाही. थंडी हा त्याच्या बाजूचा हंगाम, हवा त्याची, बर्फ त्याचा. तरीसुद्धा पाचपैकी पाच मी देणार नाही, साडेचार देतो, आणि तो अर्धा या पांढऱ्या अस्वलामुळे कापतो. मूस, रेनडियर, कोल्हा, घुबड यांच्या कुंपणाबाहेर त्यांचंच रान आहे. हा मात्र समुद्रावरच्या बर्फाचा प्राणी, सीलच्या चरबीवर जगणारा, शेकडो किलोमीटर चालणारा. कितीही ऐसपैस आवार दिलं तरी त्याला हिशेबात कमीच पडणार. उद्यानवाले जनावर उत्तम ठेवतात हे मान्य करूनही मला तसं वाटलं. जावयाचं म्हणणं वेगळं: समुद्राचा बर्फच उरणार नसेल तर कुठेतरी तो नीट जगतोय हे काय कमी? आमचा वाद परतीच्या वाटेवर ओउलूपर्यंत चालला.

आता कामाचं. जानेवारीत उजेड साधारण दहा ते तीन, तेवढाच. डिसेंबरात गेलात तर त्याहून कमी. दहालाच दारात हजर राहा. सगळी वाट नीट बघायला अडीच तास तरी लागतात. ग्रुपवाल्यांनी तासाभराचा थांबा ठेवला असेल तर तिथेच भांडा. फेब्रुवारीअखेर ते मार्च सर्वांत बरं, दिवस मोठा होतो, बर्फ टिकून असतो.

मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, नाहीतर पहिल्या दोन फोटोंत बॅटरी मान टाकते. चष्मेवाल्यांनी मफलर नाकावर घेतला की काचेवर वाफ आणि वाफेचा बर्फ, तेव्हा एकतर दिसणं निवडा नाहीतर ऊब. धपाटे पिशवीत कडक होऊन मोडायला लागले, ते शेवटी गाडीत हीटरसमोर धरून खाल्ले. फळ्यांच्या वाटेवर बर्फ दाबून बसलेला असतो, गुडघेदुखीवाल्यांनी काठी घ्यावी. आमच्या हिने स्कीची एक काठी घेऊन सगळी फेरी पूर्ण केली.

बूट पुण्याहून आणू नका. मला एका दुकानदाराने "सर, हे खास बर्फाचे" म्हणून चांगले महागडे बूट दिले होते, त्यांचा तळ उणे पंधराला दगड झाला आणि अस्वलाच्या आवारापर्यंत पोचेतो मी दोनदा घसरून बसलो. तिकडच्या कुठल्याही सुपरमार्केटात आत लोकरीचा मोजा असलेले रबरी बूट मिळतात, एक माप मोठे घ्या.